घरच्या प्रेक्षकांचा कौल

कार्यक्रम संपला की त्याविषयी बोलावयाचे, ही प्रत्येक घराची रीत आहे. आजीस आजच्या गोष्टीत पूर्वीचा दम वाटत नाही. थोरल्यास शेवट आधीच कळलेला असतो. धाकटीस भय वाटलेले असते, पण ती तसे कबूल करीत नाही. ह्या बोलण्याकडे आपण सहसा लक्ष देत नाही. घटकाभर करमणूक आणि तिच्यावर घटकाभर टीका, एवढेच आपण समजतो. परंतु घरोघरच्या अशा बोलण्याने एखाद्या गोष्टीचे दैव कसे घडते आणि कसे बिघडते, ह्याचा साठ वर्षांहून अधिक काळाचा पुरावा इंग्लंडात उपलब्ध आहे. ह्या वेळी तोच आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन, म्हणजे बीबीसी, ह्या संस्थेने शनिवार, दिनांक २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सायंकाळी सव्वापाचाच्या सुमारास ‘डॉक्टर हू’ नावाची एक मालिका सुरू केली. आदल्याच दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांची हत्या झालेली होती. लोकांचे चित्त ठिकाणावर नव्हते, आणि काही भागांत वीजही गेली होती. म्हणून पुढल्या शनिवारी पहिला भाग पुन्हा दाखवून मगच दुसरा दाखविण्यात आला.

गोष्ट अशी : डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी आहे. त्याचे खरे नाव कोणास ठाऊक नाही, म्हणूनच मालिकेच्या नावात ‘कोण?’ हा प्रश्न आहे. त्याचे वाहन बाहेरून लंडनच्या पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोलीएवढे दिसते. आत मात्र मोठमोठी दालने आहेत. ह्या वाहनास ‘टार्डिस’ म्हणतात. ते भूतकाळात जाते, भविष्यकाळात जाते, कोणत्याही ग्रहावर उतरते. फक्त जेथे जावयाचे तेथेच पोहोचेल, अशी खात्री देता येत नाही. प्रारंभीच्या गोष्टींत डॉक्टरबरोबर त्याची नात आणि तिच्या शाळेतील दोन शिक्षक असत. बाई इतिहास शिकवीत आणि मास्तर विज्ञान शिकवीत. योजना उघड होती : भूतकाळात गेल्यास मुलांनी इतिहास शिकावा, भविष्यकाळात गेल्यास विज्ञान शिकावे.

ह्या उपक्रमामागे सिडनी न्यूमन ह्या कॅनडात जन्मलेल्या अधिकाऱ्याची प्रेरणा होती. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट ह्यांचे वय त्या वेळी अवघे सत्तावीस होते, आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन त्यांच्याहूनही लहान होते. हुसेन हे आपल्या लखनौस जन्मलेले, आणि बालपणीच इंग्लंडास गेलेले. एक तरुण स्त्री आणि एक हिंदी तरुण ह्यांच्या हाती हे काम सोपविणे त्या काळी त्या संस्थेत नवलाचे होते. कार्यक्रमाची वेळही विचारपूर्वक ठरविलेली होती. शनिवारी दुपारचे खेळांचे कार्यक्रम संपत आणि संध्याकाळी तरुणांच्या गाण्यांचा कार्यक्रम लागे, त्या दोहोंमध्ये ही गोष्ट बसविली होती. खेळ पाहणाऱ्या वडिलांनी उठू नये, गाणी ऐकू इच्छिणाऱ्या थोरल्यांनी आधीच येऊन बसावे, आणि मुले तर असावयाचीच, असा तो हिशेब होता. सारांश, ही मालिका एकट्यादुकट्याने पाहावयाची नव्हती. ती घराने पाहावयाची होती.

घराचा पहिला कौल एका महिन्याच्या आतच मिळाला. बटबटीत डोळ्यांचे राक्षस ह्या मालिकेत मुळीच नकोत, असे न्यूमन ह्यांनी बजावून ठेवले होते. त्यांस शास्त्रीय गोष्ट हवी होती, भुताटकी नको होती. तथापि १९६३ च्या डिसेंबरात लेखक टेरी नेशन ह्यांनी ‘डालेक’ नावाचे प्राणी आणले, आणि रेमंड क्युसिक ह्यांनी त्यांस आकार दिला. धातूच्या कवचात बसलेले, पाय नसलेले, जमिनीवरून सरकणारे आणि कर्कश आवाजात दुसऱ्यांच्या नाशाचा हुकूम देणारे असे हे प्राणी होते. न्यूमन संतापले. परंतु मुलांनी त्यांस विचारले नाही. शाळाशाळांतून मुले हात पुढे करून डालेकासारखी सरकू लागली. पहिल्या भागास सुमारे ४४ लाख प्रेक्षक होते. डालेकांची कथा संपण्याच्या सुमारास ती संख्या एक कोटीच्या वर गेली. मालिका जगली ती ह्या कौलावर, हे पुढे सर्वांनीच मान्य केले.

परंतु प्रत्येक कौलाची किंमत असते. राक्षसांच्या गोष्टींपुढे इतिहासाच्या गोष्टी मागे पडू लागल्या. मार्को पोलोची यात्रा, अ‍ॅझ्टेक लोकांचे राज्य, फ्रेंच राज्यक्रांती अशा ज्या कथा केवळ माणसांच्या बळावर उभ्या होत्या, त्या १९६७ च्या आरंभी बंद झाल्या. पुढे १९८२ मधील एका लहानशा कथेचा अपवाद सोडला, तर जुन्या मालिकेत त्या पुन्हा आल्या नाहीत. मुलांनी मागितले ते त्यांस मिळाले. जे त्यांनी मागितले नाही, ते हळूच निघून गेले. गोड पदार्थाचे ताट आधी रिकामे होते म्हणून भाजी शिजविणेच बंद करावे काय, हा प्रश्न प्रत्येक आईस पडतो. तोच प्रश्न येथे बीबीसीसमोर होता, आणि तिने ताटाकडे पाहून निर्णय घेतला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. बीबीसीचा खर्च जाहिरातींवर चालत नाही. दूरचित्रवाणी पाहणारी घरे परवान्याचे वार्षिक शुल्क भरतात, आणि त्यातून हे कार्यक्रम होतात. म्हणून घरांस मत देण्याचा अधिकार आहे, आणि संस्थेस ते ऐकण्याचे कर्तव्य आहे. त्यासाठी बीबीसीचे एक खास खातेच होते. ते निवडक प्रेक्षकांकडून प्रश्नांची उत्तरे मागवी आणि त्यांवरून प्रत्येक कार्यक्रमास शंभरापैकी पसंतीचे गुण देई. ‘डॉक्टर हू’च्या पहिल्या भागास ६३ गुण मिळाले. १९६६ च्या मे महिन्यात अमेरिकेतील बंदूकबाजांच्या एका कथेच्या अखेरच्या भागास अवघे ३० मिळाले. पुढे २००८ मधील दोन भागांस ९१ पर्यंत गुण गेले. किती जणांनी पाहिले हा एक आकडा, आणि पाहणाऱ्यांस किती आवडले हा दुसरा. त्या दोहोंची गल्लत करू नये. १९७९ च्या ऑक्टोबरात एका भागास १ कोटी ६० लाखांवर प्रेक्षक लाभले, तो ह्या मालिकेचा मोठा विक्रम होय. परंतु त्या वेळी प्रतिस्पर्धी वाहिनी संपामुळे बंद होती, हेही सांगितले पाहिजे. गावात एकच दुकान उघडे असेल, तर तेथील गर्दीवरून मालाची परीक्षा होत नाही.

आता प्रेक्षकांचे पहिले मत किती टिकते, ते पाहू. १९६६ मध्ये डॉक्टरची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल ह्यांची प्रकृती बिघडली. मालिका तर चालू ठेवावयाची होती. तेव्हा लेखकांनी अशी युक्ती काढली की, डॉक्टर हा परग्रहवासी असल्यामुळे शरीर थकले की तो नवे शरीर धारण करतो. २९ ऑक्टोबर १९६६ रोजी हार्टनेल ह्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन ह्यांनी ते उघडले. प्रेक्षक-संशोधन खात्याकडे आलेल्या उत्तरांत नाराजी पुष्कळ होती. गंभीर, विद्वान म्हाताऱ्याचा ह्यांनी विदूषक केला, असे काहींनी स्पष्ट कळविले. आज ते कागद वाचताना मौज वाटते, कारण त्याच ट्राउटनना पुढील पिढ्यांनी ह्या भूमिकेतील श्रेष्ठ नटांत गणले, आणि २०१० ते २०१३ पर्यंत डॉक्टर झालेले मॅट स्मिथ ह्यांनी त्यांच्याच एका कथेपासून स्फूर्ती घेतल्याचे सांगितले. ज्यांनी पहिल्या आठवड्यात तक्रार केली ते अडाणी होते, असे आमचे म्हणणे नाही. जिव्हाळ्याचे माणूस गेल्यावर त्याच्या जागी बसलेल्या माणसाचे काहीच गोड लागत नाही. ती तक्रार नव्या नटाविरुद्ध नव्हती. ते जुन्या नटाचे दुःख होते. नव्या पाद्रीबाबांचे पहिले प्रवचन ऐकून आलेल्या घरांत असेच बोलणे आम्ही ऐकले आहे.

तथापि सर्वच तक्रारी अशा विरून जात नाहीत. टॉम बेकर ह्यांनी १९७४ पासून १९८१ पर्यंत ही भूमिका केली. लिव्हरपूलच्या कॅथलिक घरात वाढलेले हे गृहस्थ तरुणपणी काही वर्षे एका धर्मबंधुसंघात उमेदवार होते, आणि पुढे तेथून बाहेर पडून नट झाले. त्यांच्या काळात मालिका फार लोकप्रिय झाली आणि फार भयानकही झाली. मुले सोफ्याच्या मागे लपून ती पाहतात, ही म्हण इंग्लंडात ह्या मालिकेवरूनच रूढ झाली. १३ नोव्हेंबर १९७६ च्या भागाचा शेवट असा होता की, शत्रूने डॉक्टरचे डोके पाण्याखाली दाबून धरले आहे, आणि तेच चित्र पडद्यावर गोठून राहिले. मेरी व्हाइटहाउस ह्या माजी शिक्षिकेने प्रेक्षक व श्रोते ह्यांची एक संघटना १९६५ मध्ये स्थापन केली होती. त्यांनी तक्रार केली. त्यांचा मुद्दा नीट समजून घ्यावा. गोष्टीत मारामारी आहे, एवढेच त्या म्हणत नव्हत्या. ते बुडणारे डोके लहान मूल मनात घेऊन झोपी जाईल, आणि डॉक्टर सुटला की नाही हे त्यास कळण्यास पुरता एक आठवडा जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. बीबीसीच्या प्रमुखांनी दिलगिरी व्यक्त केली, मूळ फितीतून तेवढा भाग काढण्यात आला, आणि मालिकेच्या नव्या निर्मात्यास भयानकपणा कमी करण्याची आज्ञा झाली.

ह्यावर आजतागायत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, त्या बाईंनी मालिकेचा कणा मोडला. सोफ्याच्या मागे लपणे हाच तर मुलांचा आनंद होता. दुसरा म्हणतो, मुलांच्या वतीने कोणीतरी बोलावयास हवेच होते. आमच्या मते भीती आणि भीती ह्यांत भेद आहे. आईबाप शेजारी असताना, पुढच्या घटकेस सुटका होणार हे ठाऊक असताना वाटणारी भीती मुलास धीट करते. आजीच्या राक्षसाच्या गोष्टीने कोणाचे वाकडे झाले नाही. परंतु गोष्ट अर्ध्यावर सोडून आजी आठवडाभर परगावी गेली, तर ते मूल झोपणार नाही. व्हाइटहाउसबाईंच्या पुष्कळ तक्रारी आम्हांस मान्य होणार नाहीत. ह्या एका तक्रारीत मात्र मूल कसे पाहते ह्याची जाण होती.

ह्यानंतरचा काळ मालिकेच्या पडतीचा. १९८५ च्या फेब्रुवारीत त्या वाहिनीचे नियंत्रक मायकेल ग्रेड ह्यांनी ती दीड वर्षासाठी बंद ठेवण्याचे ठरविले. वर्तमानपत्रांतून हाकाटी झाली. चाहत्यांनी व नटांनी मिळून कर्करोग-रुग्णांच्या मदतीसाठी एक गाणे ध्वनिमुद्रित केले. ते मुळीच चालले नाही. १९८६ च्या सप्टेंबरात मालिका परतली ती चौदा भागांची एकच लांबलचक कथा घेऊन. त्या वर्षीच्या डिसेंबरात बीबीसीच्याच ‘ओपन एअर’ नावाच्या कार्यक्रमात काही तरुण चाहत्यांस बोलावून त्यांचे मत विचारण्यात आले, आणि कथेच्या अखेरच्या भागांचे लेखकही ऐकण्यास हजर होते. सोळा वर्षांच्या एका मुलाने निर्भीडपणे सांगितले की, लिखाण ठराविक साच्याचे झाले आहे. तेच बोळांतून पळणे, तेच हास्यास्पद राक्षस. हे ह्याहून पुष्कळ चांगले होऊ शकले असते. त्या मुलाचे नाव ख्रिस चिबनॉल. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

चाहत्यांचा हा आवाज मोठा होता. परंतु ज्यांचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यांनी अधिक मोठा निर्णय केला होता. साधी घरे पत्रे लिहीत नाहीत आणि गाणीही काढीत नाहीत. ती केवळ दुसरी वाहिनी लावतात. १९८७ पासून ह्या मालिकेची वेळ ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ह्या अत्यंत लोकप्रिय कौटुंबिक मालिकेच्या समोर ठेवली गेली, म्हणजे घराने दोहोंतून एक निवडावयाचे होते. १९८९ च्या सप्टेंबरात एका भागाचे प्रेक्षक ३१ लाखांवर आले, आणि त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी अखेरचा भाग झाला. जे रागावतात त्यांची समजूत काढता येते; जे मुकाट्याने उठून जातात त्यांना परत आणणे अवघड असते.

त्यानंतर सोळा वर्षे मालिका पडद्यावर नव्हती. १९९६ मध्ये एक चित्रपट तेवढा दाखविला गेला. ह्या सोळा वर्षांत मात्र प्रेक्षकांच्या मताने सर्वांत मोठे काम केले. जी मुले सोफ्याच्या मागे लपली होती ती मोठी झाली. त्यांनी डॉक्टरच्या नव्या कादंबऱ्या लिहिल्या, ध्वनिनाट्ये केली, मासिक चालू ठेवले, आणि कोणती कथा का चांगली आणि कोणती का वाईट, ह्यावर वर्षानुवर्षे वाद घातला. रसेल टी. डेव्हिस हे त्यांच्यातलेच एक. २६ मार्च २००५ रोजी त्यांनी मालिका पुन्हा सुरू केली, तेव्हा पहिल्याच रात्री एक कोटीहून अधिक लोकांनी ती पाहिली. डेव्हिस ह्यांच्यामागून आलेले स्टीव्हन मॉफट हेही लहानपणापासूनचे चाहते. डेव्हिड टेनंट हे तीन वर्षांचे असताना ही मालिका पाहून नट होण्याचे ठरवून बसले, आणि २००५ मध्ये स्वतः डॉक्टर झाले. पीटर कपाल्डी ह्यांचे उदाहरण तर विशेष आहे. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘रेडिओ टाइम्स’ ह्या साप्ताहिकात एका पंधरा वर्षांच्या मुलाचे पत्र छापून आले. मालिकेच्या दहाव्या वर्षानिमित्त काढलेला खास अंक त्यास फार आवडला होता. तो मुलगा म्हणजे कपाल्डी. चाळीस वर्षांनी, २०१४ मध्ये, तेच डॉक्टर म्हणून पडद्यावर आले.

आणि ज्या मुलाने लेखकांच्या तोंडावर त्यांचे दोष सांगितले होते, त्या चिबनॉलकडे २०१८ पासून सगळ्या मालिकेची सूत्रे आली. त्यांनी डॉक्टरची भूमिका प्रथमच एका स्त्रीस, जोडी व्हिटेकर ह्यांस दिली. १६ जुलै २०१७ रोजी ही बातमी जाहीर होताच मतांचा पूर लोटला. काहींनी आनंदाने मुलींस जवळ घेतले, काहींनी आपली मालिका बुडाली म्हणून सांगितले. आणि हे सर्व एकही भाग पाहण्यापूर्वी. ७ ऑक्टोबर २०१८ रोजी पहिला भाग सुमारे एक कोटी दहा लाखांनी पाहिला. पुढील वर्षांत आकडे बरेच उतरले. १ मार्च २०२० च्या भागात चिबनॉल ह्यांनी डॉक्टरच्या जन्माची कथाच बदलली, तेव्हा जुने चाहते संतप्त झाले. लिखाण चांगले नाही, ह्याहून बरे करता आले असते, हेच त्यांचे म्हणणे. सोळाव्या वर्षी जे बोल त्यांनी दिले, तेच पन्नाशीस येता येता त्यांना ऐकावे लागले. ह्यात सूड पाहू नये. टीका करणे सोपे आणि करून दाखविणे कठीण, एवढाही अर्थ काढू नये. कारण त्या मुलाची टीका खोटी नव्हती आणि पुढे त्याच्यावर झालेली सर्वच टीका खोटी होती असेही नाही. अर्थ एवढाच की, ज्यास मत आहे त्याने कधीतरी कामही हाती घ्यावे, आणि ज्याने काम हाती घेतले त्याने मत ऐकण्याची तयारी ठेवावी.

त्याच २०१८ च्या मालिकेतील ११ नोव्हेंबरचा भाग आपल्या वाचकांस विशेष जवळचा वाटेल. विनय पटेल ह्यांनी लिहिलेली ती कथा १९४७ च्या ऑगस्टातील पंजाबात घडते. एक मुसलमान मुलगी आणि एक हिंदू तरुण ह्यांचा विवाह ठरला आहे, आणि नवी सरहद्द त्यांच्याच जमिनींतून जाते. विवाह लागतो तो डॉक्टरच्या हाताने, कारण लग्न लावावयास येणाऱ्या साधूची हत्या झालेली असते. परग्रहावरून आलेले जे भेसूर प्राणी प्रथम मारेकरी वाटतात, ते प्रत्यक्षात एकाकी मरणाऱ्यांस साक्षी राहावयास आलेले असतात. खरा घात नवऱ्या मुलाच्या सख्ख्या भावाकडून होतो. राक्षस कोठे आहे, डॉक्टर काही करीत का नाही, असे काही प्रेक्षकांनी विचारले. ह्याच कारणासाठी इतरांनी हा भाग उत्तमांत गणला. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी जी ऐतिहासिक कथा राक्षसांच्या गर्दीत हरवली होती, ती अशी एका रात्रीपुरती परत आली. नकाशावरील रेघ माणसांच्या अंगणातून जाते म्हणजे काय होते, हे बेळगावकडील वाचकांस आम्ही सांगावयास नको.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९६७ ते १९७८ ह्या काळात बीबीसीने जुन्या भागांच्या फिती पुसून टाकल्या किंवा नष्ट केल्या. फिती महाग होत्या, जुने भाग पुन्हा दाखविण्यावर नटांच्या करारांची बंधने होती, आणि हे कोणी पुन्हा पाहील असे कोणास वाटले नाही. पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकी नव्वदाहून अधिक भागांचे चित्र असे नाहीसे झाले. परंतु आवाज एकाही भागाचा गेला नाही. का? कारण घरोघरच्या काही मुलांनी दूरचित्रवाणीच्या संचासमोर ध्वनिमुद्रणाचे यंत्र ठेवून तो टिपून घेतला होता. ज्या वस्तूस संस्थेने कवडीमोल ठरविले, ती वस्तू त्या मुलांनी जतन केली. प्रेक्षकांच्या मताचा ह्याहून मोठा पुरावा आम्हांस माहीत नाही.

हरवलेल्या भागांनी आणखी एक धडा दिला. १९६७ मधील ‘टूम ऑफ द सायबरमेन’ ही कथा अनेक वर्षे हरवलेली होती, आणि आठवणीने तिची कीर्ती वाढत गेली. १९९१ च्या अखेरीस तिच्या प्रती हाँगकाँगहून परत आल्या. लोकांनी पाहिल्या, आणि कित्येकांस ती चांगली वाटली तरी आठवणीतल्याइतकी थोर वाटली नाही. उलट ‘एनिमी ऑफ द वर्ल्ड’ ह्या कथेस पूर्वी कोणी फारसे विचारीत नव्हते. तिचे हरवलेले भाग नायजेरियात सापडल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले, आणि पाहताच लोकांनी तिला डोक्यावर घेतले. म्हणजे न पाहता दिलेला मान आणि न पाहता केलेली हेळसांड, दोन्ही फुकट गेली. मालिकेच्या मासिकाने २००९ मध्ये तोपर्यंतच्या दोनशे कथांवर वाचकांची मते मागविली, तेव्हा पहिल्या क्रमांकाची आणि अगदी शेवटच्या क्रमांकाची अशा दोन्ही कथा १९८४ च्या मार्च महिन्यात एकीमागून एक दाखविलेल्या निघाल्या. ‘त्या काळी सारेच चांगले होते’ असे म्हणणाऱ्यांनी आणि ‘त्या काळी सारेच भिकार होते’ असे म्हणणाऱ्यांनी ह्या दोन कथांचा विचार करावा.

ह्या सर्वांतून आपण आपल्या घरांसाठी काय घ्यावे? ‘डॉक्टर हू’ आपल्यापैकी थोड्याच घरांनी पाहिली असेल. परंतु आपापल्या मालिका, नाटके, तियात्र आणि कीर्तने ह्यांविषयी आपली मते असतातच. आता प्रत्येकाच्या हातात निराळा फोन आला आहे. एकाच खोलीत चौघे चार गोष्टी पाहतात आणि कोणी कोणास काही विचारीत नाही. अशा घरात तक्रारही होत नाही, हे खरे. पण मतही तयार होत नाही. ज्या मुलांविषयी आम्ही वर लिहिले, ती सगळ्यांबरोबर बसून पाहत, मग त्यावर भांडत, आणि त्या भांडणातून पारखावयास शिकत. म्हणून आठवड्यातून एखादा तरी कार्यक्रम सर्वांनी एकत्र पाहावा. न पाहता निकाल देऊ नये. पहिल्या दिवशीच्या रागास अखेरचे मत समजू नये. वडीलधाऱ्यांस गोष्ट वाईट वाटली, तर नुसते ‘बंद करा’ न म्हणता वाईट काय ते सांगावे. मूल ते ऐकते.

आणि घरातील सर्वांत लहान व्यक्तीने ‘मला नाही आवडले’ असे म्हटले, तर ‘तुला काय कळते’ म्हणून तिला गप्प बसवू नये. ‘का नाही आवडले?’ असे विचारावे, आणि तिचे उत्तर पुरे होईपर्यंत थांबावे. कदाचित ते उत्तर चुकीचे असेल. कदाचित अगदी बरोबर असेल. दोन्ही वेळा विचारल्याचा लाभ होईलच.